आधी कापड हातात घे, रंग नंतर

ताई,
मी इचलकरंजीची, कोल्हापूरला फॅशन डिझाइनच्या सेकंड इयरला आहे, रोज ये-जा करते. इलस्ट्रेशन मला मनापासून आवडतं पण सध्या कागद समोर घेतला की डोकं ब्लँक होतं. पिंटरेस्टवर तासन्‌तास इमेज सेव्ह करते, बोर्डवर बोर्ड भरलेत, पण काढायला बसलं की तेच ते, लांब पायांची, कमरेवर हात ठेवलेली मुलगी. मॅडम म्हणाल्या फिनिशिंग चांगलंय पण हे वर्गातल्या कुणाचंही स्केच असू शकतं. ते फार लागलं. रंगांचं तर विचारूच नका, प्लेटमध्ये छान दिसतात आणि कागदावर गेले की चिखल, म्हणून मग मी बेबी पिंक आणि बेजवरच थांबते, निदान घाण तरी दिसत नाही. दोन महिन्यांत फेस्टिव्ह कलेक्शनची सहा इलस्ट्रेशन द्यायचीत. वर्गात बऱ्याच जणांकडे अल्कोहोल मार्कर आहेत, काहींकडे आयपॅड. माझे पप्पा यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करतात, मी मागितलं तर हप्त्यावर घेऊन देतील, पण मागायला बरं वाटत नाही. घरी नुसते ग्रे कापडाचे तुकडे पडलेले असतात, त्यातनं काय इन्स्पिरेशन मिळणार? सुरुवात कुठून करू सांगा.

*

अगं, जॉबरची मुलगी आणि कापडाचे तुकडे घरात पडलेले, आणि ती विचारते की इन्स्पिरेशन कुठे मिळेल! तुझं पत्र वाचल्यावर मला राहवेना, बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुझंच घेतलं.

पिंटरेस्टला मी नावं ठेवणार नाही, मी पण बघते. पण तिथे तू जे बघतेस ना ते कुणीतरी आधीच घेतलेले निर्णय असतात. कुठली चुणी ठेवायची, कुठली सोडायची, सावली कुठे, रंग किती, हे सगळं त्या माणसाने कापड बघून ठरवलं आणि तुझ्यापर्यंत फक्त निकाल आला. मग तू निकालाची कॉपी करतेस. शिवाय तुझ्या वर्गातल्या सगळ्याजणी साधारण तेच तीन शब्द टाइप करणार, सगळ्यांना तेच फोटो येणार, त्यामुळे मॅडम जे म्हणाल्या ते तुझ्या हाताबद्दल नाहीच आहे. हात चांगला आहे असं त्यांनीच सांगितलंय. तू काय बघतेस त्याबद्दल त्या बोलल्या.

तर पहिलं काम. घरातला ग्रे कापडाचा एक हातभर तुकडा घे (बाकी वाचकांसाठी, मागावरून उतरलेलं, ब्लीच किंवा डाय न झालेलं कोरं कापड म्हणजे ग्रे) आणि तो झेरॉक्सच्या पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेव. पांढरं वाटणारं ते कापड लगेच दुधाळ पिवळसर दिसायला लागेल. खिडकीपाशी नेऊन जवळून बघ, सरकीचे बारीक तपकिरी कण अडकलेले दिसतील, मध्येच एखादा धागा जाड झालेला, काठाची वीण आतल्यापेक्षा घट्ट. साइझिंगची खळ अजून आहे म्हणून ते अंगावर पडत नाही, उभं राहतं, दुमडलं की चुणी गोल येत नाही, कोन येतो. आता मला सांग, हे कापड तू त्या गुळगुळीत एकसारख्या मायक्रो पेनच्या रेषेने कसं काढणार? नाहीच जमणार. इथे ब्रश जवळजवळ कोरडा करून कागदावर खरवडल्यासारखा फिरवावा लागेल, आणि चुणीच्या कोनावर रेष मोडावी लागेल. आणि कागद पांढरा कशाला हवा, हलका बदामी कागद घे, तोच कापडाचा रंग, तू फक्त सावली आणि उजेडाच्या जागी थोडा पांढरा पोस्टर कलर लावायचा. म्हणजे टेक्निक तुला त्या तुकड्याने सांगितलं. मला तुला एवढंच सांगायचंय खरं तर, टेक्निक आधी निवडू नको, कापड निवड आणि ते काय मागतंय ते बघ.

प्रत्येक कापड वेगळं मागतं. शिफॉन असेल तर आधी आतलं अंग, हात, कंबर सगळं रंगवून पूर्ण वाळू द्यायचं आणि वरून अगदी पाणीदार एकच वॉश (पातळ पारदर्शक थर), दोन थर जिथे एकमेकांवर येतात तिथे दुसरा वॉश, बस, त्याला आउटलाइन दिली की ते मेलं. मखमलीचं उलटं, तिची लव उभी असते म्हणून समोरून बघताना मधे ती गडद दिसते आणि वळणाच्या कडेला उजळते, सॅटिनची चमक जिथे देतेस तिथे मखमलीला दिलीस तर ती सॅटिनच दिसणार. इरकलचं कॉटन धुऊन धुऊन मऊ झालेलं असेल तर वेगळं आणि कोरं असेल तर वेगळं. आजीची जुनी आणि दुकानातली नवी शेजारी ठेवून बघ एकदा, एकाच साडीची दोन वेगळी इलस्ट्रेशन होतील.

आता तुझ्या चिखलाकडे येते, कारण मला वाटतं तिथे तू सगळ्यात जास्त घाबरलीयस. घरात नाहीतर शेजारीपाजारी खणाचं एखादं ब्लाउजपीस नक्की सापडेल, गुळेदगुड्डचा खण. शक्यतो उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असलेला घे, समज लाल आणि हिरवा. हातात धरून हलवलास की कधी लाल उजळतो कधी हिरवा, धूपछाव म्हणतात ती हीच. आता तू हे रंगवायला बसलीस की काय करतेस, प्लेटमध्ये लाल आणि हिरवा एकत्र करतेस, बरोबर? आणि मिळतो तपकिरी चिखल. लाल आणि हिरवा एकमेकांना मारतात, मिसळले की दोघंही जातात. पण मागावर ते मिसळलेलेच नसतात! लाल धागा लालच आहे, हिरवा हिरवाच आहे, दोघं फक्त शेजारी शेजारी बसलेत आणि मिसळायचं काम आपला डोळा करतो. पप्पांना सांग की ताणा-बाणा (उभे आणि आडवे धागे) मला एकदा नीट दाखवा, दोन रंगांचे धागे लावून कापड कसं बदलतं ते विचार, हे त्यांच्याइतकं चांगलं तुला कॉलेजमध्ये कुणी शिकवणार नाही.

मग कागदावर पण तसंच करायचं. जो रंग जास्त दिसतोय त्याचा सपाट थर दे, लाल समजू. पूर्ण वाळू दे, बोट लावून गार लागत नाही इतका. मग हिरवा घट्टसर घे, ब्रश फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा कर आणि चुणीच्या फक्त वरच्या धारेवरून हलकेच ओढ. घोळायचं नाही, पसरायचं नाही, एकदा ओढला की सोडून द्यायचा. खालचा लाल मधून मधून डोकावला पाहिजे. जवळून ते खरखरीत दिसेल, तुला वाटेल बिघडलं, पण कागद हातभर लांब धरून बघ, खण चमकायला लागतो.

आणि पोस्टर कलरचा एक स्वभाव लक्षात ठेव, वाळलेला थर पाणी लागलं की परत सुटतो. तू वरचा थर ओल्या ब्रशने दोनदा तीनदा फिरवतेस, खालचा उठून वर येतो, चिखलाचं अर्धं कारण हेच असतं. शिवाय फिकट रंग वाळल्यावर थोडे गडद होतात आणि गडद रंग थोडे फिके, म्हणून प्लेटमध्ये बघून ठरवू नको, त्याच कागदाच्या पट्टीवर ठिपका देऊन वाळू दे आणि मग ठरव. पाण्याची दोन भांडी ठेव, एक ब्रश धुवायला एक रंगात घ्यायला. सावलीला काळा घालायची सवय असेल तर सोड, पिवळ्यात काळा गेला की तो शेवाळी होतो, हळदी रंगाची सावली बर्न्ट सिएनाने कर, लालची सावली क्रिमसनमध्ये चिमूटभर निळा घालून. जरीसाठी तर सोनेरी रंगाची बाटली विकतच घेऊ नको, स्कॅन केलं की ती राखाडी मातकट येते. यलो ऑकरचा पट्टा, त्याच्या एका बाजूने गडद तपकिरी बारीक रेघ, आणि उजेड पडतो तिथे लिंबू-पांढऱ्याचे दोन-चार टिपके, पट्टाभर नको, दोन-चारच. जर चमकते ती शेजारच्या गडदपणामुळे.

शेजारावरून आठवलं, हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. पॅरिसला गोबेलिन्स म्हणून टॅपेस्ट्री विणायचा प्रसिद्ध कारखाना आहे, तिथल्या डाइंग खात्याचा प्रमुख होता शेव्रल नावाचा केमिस्ट. तक्रारी यायच्या की तुमचा काळा धागा काळा दिसत नाही, फिका पडतो. त्याने तपासलं तर डायमध्ये काही खोट नव्हती. तो काळा निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला जात होता आणि त्या शेजारामुळे मरत होता. 1839 मध्ये त्याने यावर अख्खा ग्रंथ काढला आणि नंतरचे कितीतरी चित्रकार त्यावर वाढले. म्हणजे बघ, रंगाचा एवढा मोठा शोध लागला तो चित्रकाराच्या स्टुडिओत नाही, धाग्यांच्या कारखान्यात. तुझ्या गावात शंभराहून जास्त वर्षं माग चालतायत, तू त्या आवाजात वाढलीयस, तुला रंगाची भीती का वाटावी?

आता रंग निवडायचे कसे. पाच चौकोनांचे ते तयार पॅलेट असतात ना, सगळे चौकोन सारख्या आकाराचे, त्यांनी फार नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात रंग कळतात पण किती ते कळत नाही. काळी चंद्रकळा घे. जवळजवळ सगळी काळी आणि काठाला लाल. ते दोनच रंग निम्मे-निम्मे केलेस तर चंद्रकळा राहणारच नाही, शाळेचा युनिफॉर्म होईल. म्हणून तू पॅलेट करताना कागदाची लांब पट्टी घे आणि त्या कापडात जो रंग जितका आहे तितकीच जागा त्याला दे. हिरव्या इरकलची पट्टी केलीस तर बहुतेक सगळी हिरवी, मग काठाचा डाळिंबी थोडा, पदराचा लाल, आणि त्यात टोपांचा (पदरावरच्या टोकदार नक्षीचा) पांढरा अगदी कण कण. तो पांढरा काढून टाकून बघ, सगळी साडी झोपते. मग हीच पट्टी समोर ठेवून तुझा लेहंगा असो जॅकेट असो, प्रमाण तेच ठेव, जागा बदल. लाल पदरावरून उचलून अस्तरात टाक, बघ काय होतं. फेस्टिव्ह म्हणजे सगळे रंग सारख्याच जोरात ओरडले पाहिजेत असं काही नाही.

अजून एक मजेशीर व्यायाम सांगते. नवरात्रात पिवळा रंग असतो त्या दिवशी एसटीत किंवा ऑफिस सुटायच्या वेळी रस्त्यात उभी राहा. सगळ्या पिवळ्या! पण नीट बघशील तर त्यात लिंबू आहे, हळदी आहे, पोफळी आहे, मोहरी आहे, धुवून विटलेला आहे, पॉलिस्टरचा झगझगीत आहे, आणि प्रत्येकीच्या अंगावर तो वेगळा दिसतोय कारण प्रत्येकीचा वर्ण वेगळा. यावरून आठवलं, तुझ्या फिगर्सना तू तो गुलाबीसर पीच स्किन टोन देत असशील, बहुतेक सगळे देतात कारण ट्युटोरियलमध्ये तोच असतो. तो सोड. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा पांढरा, आणि तुझ्या आईच्या, मावशीच्या, मैत्रिणीच्या हाताशेजारी कागद धरून शेड जुळव. पीच अंगावर मोरपंखी ठेवलास तर तो थंड पडतो, गव्हाळ-सावळ्या अंगावर तोच उजळून निघतो. हे रंग आपल्याकडे टिकले ते आपल्या अंगावर खुलले म्हणून, त्यांना दुसऱ्या कातडीवर ठेवून मग म्हणायचं की रंग जमत नाहीत, हे बरोबर नाही.

आता ती लांब पायांची मुलगी. क्रोकी (फॅशन स्केचमधली फिगर) नऊ डोक्यांची, म्हणजे डोक्याच्या नऊपट उंच, करायला तुला शिकवलंय, ते यायलाच पाहिजे, परीक्षेत लागतं. पण खरं माणूस साधारण सात-साडेसात डोक्यांचं असतं आणि आपले पुष्कळसे कपडे त्याच मापावर बसतात. नऊवारी नऊ डोक्यांच्या मॉडेलला नेसव, काष्टा कुठल्याकुठे लटकतो, ओच्याचा भार कळत नाही, पोटऱ्या बगळ्यासारख्या. यासाठी धुरंधरांची चित्रं बघ. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म 1867 चा, तुझ्या कोल्हापूरचेच, पुढे मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. 1920 मध्ये रॉथफेल्ड नावाच्या लेखकाच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ पुस्तकासाठी त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या जातीधंद्यांतल्या बायका रंगवल्या, जुनं पुस्तक आहे, स्कॅन नेटवर मिळतं. चेहऱ्याकडे बघू नको, पदर कुठे खोचलाय आणि त्यामुळे चुण्या कुठून सुटतात ते बघ. प्रत्येक चुणी कुठल्यातरी बिंदूतून निघते, खांदा, कंबर, गुडघा, खोचलेली जागा. तो बिंदू सापडला की चुण्या आपोआप बरोबर पडतात, नाहीतर नुसत्या रेघोट्या.

तसंच मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल. 1945 ला त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला, त्यांची मुखपृष्ठं जुन्या वाचनालयात नाहीतर रद्दीवाल्याकडे अजून हाताला लागतात. त्यात साडीचा रंग आणि मागच्या सपाट भागाचा रंग यांचं काय नातं आहे तेवढंच बघत बस, शेजाराचं प्रकरण तिथे पूर्ण कळतं.

बाहेरचे पण बघ, का नाही. रेने ग्रुओ हा फॅशन इलस्ट्रेटर, ज्याने 1947 पासून पॅरिसच्या डिओर फॅशन हाउससाठी काम केलं, त्याची लाल-काळी-पांढरी चित्रं बघ आणि त्याने काय काढलं नाही ते मोज, अर्धा कोट नुसता कोरा कागद असतो. पॉल इरिबने 1908 मध्ये पॉल प्वारे या फ्रेंच डिझायनरच्या कपड्यांचा अल्बम केला तो पोशवारने, म्हणजे स्टेन्सिल कापून हाताने रंग भरून, म्हणून ते रंग इतके सपाट आणि स्वच्छ. हे तर तू घरी करू शकतेस, जुनी एक्स-रे फिल्म कटरने काप, इरकलच्या चौकड्या आणि काठासाठी मस्त होतं. आणि अँटोनिओ लोपेझ, पोर्तो रिकोत जन्मलेला न्यूयॉर्कचा फॅशन इलस्ट्रेटर, 1987 मध्ये गेला. त्याच्याकडून एक गोष्ट घे, तो समोर जिवंत माणूस उभं करून काढायचा आणि त्याची स्टाइल सारखी बदलायची. स्वतःची एक स्टाइल सापडली पाहिजे म्हणून तुम्ही मुलं फार जीव काढता, त्याची आत्ता काही गरज नाही. तुलाही जिवंत माणसं काढायचीत तर कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर बस लागेपर्यंतची वेळ आहेच की, दोन मिनिटांचं एक स्केच, चेहरा नाही, फक्त कापड. महाद्वार रोडला कुणाची साडीखरेदी असेल तर सोबत जा, दुकानदार घडी फेकून उलगडतो तेव्हा कापड हवेत कसं उघडतं ते बघ, फोटो नंतर काढ.

सहा इलस्ट्रेशनचं माझ्या डोक्यात असं येतं की सहाही एकाच जागेवरून निघू दे. ग्रेपासून सुरू कर, कोरं कापड, जवळजवळ रंग नाहीच, मग एकेका चित्रात रंग चढत जाऊ दे, इरकल, खण, शेवटी भरगच्च जर. प्रत्येकात टेक्निक वेगळं येईल कारण कापड वेगळं आहे, आणि तरी सहाही एकमेकांची भावंडं दिसतील. पहिले दोन आठवडे फायनलला हात लावू नको, नुसत्या पट्ट्या, ठिपके, चुण्या. बेबी पिंक तुला खरंच आवडत असेल तर तोही ठेव, पण एखाद्या कापडात दिसला म्हणून ठेव, घाबरून नको.

आणि खरेदी. आयपॅड आत्ता नको, हाताला कापड कळायच्या आधी स्क्रीनवर गेलीस तर तेच ते तयार ब्रश वापरत बसशील. मार्करचा अख्खा सेट पण नको, महाग पडतो, संपत लवकर येतो, साध्या कागदाच्या मागे उतरतो म्हणून कागदही वेगळा घ्यावा लागतो. कॉलेजला पटापट स्केच करायला लागतात हे मान्य, तर सुटे चार घे, दोन ग्रे आणि दोन तपकिरी स्किनचे. बाकी कॅमलच्या पोस्टर कलरच्या बाटल्या, पांढरा मोठा आणि क्रिमसन, लेमन यलो, अल्ट्रामरीन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना एवढ्या पुरे, हिरवा-जांभळा तूच कर. एक गोल ब्रश चांगला घे, टोक येणारा, आणि एक जुनापुराणा चपटा ड्राय ब्रशिंगसाठी. सरावाला कार्ट्रिज कागद चालेल, फायनलला 300 जीएसएमचा जाड कागद सुटा मिळतो. पप्पांना हप्ता लागणार नाही. त्यांच्याकडून मागायचंच असेल तर वेगवेगळ्या क्वालिटीचे तुकडे माग, प्रत्येकावर पेनाने ताणा कुठला, बाणा कुठला लिहून घे, आणि मॅडमना दाखवताना तो तुकडा त्या त्या इलस्ट्रेशनच्या कोपऱ्यात पिन कर.

पहिली दोन झाली की मला फोटो पाठव. दिवसाच्या उजेडात काढ, ट्यूबलाइटखाली नको, लाल कुठला ते कळत नाही.